जुरू : ‘आपला’ की ‘आमचा’?
(विलास मनोहर यांच्या ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या कादंबरीतील परकेपणाचा प्रश्न)

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला वगळतो, ‘आपण’ म्हणताना त्याला आपल्यात घेतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. द्राविडी भाषांत मात्र तो जुना आहे. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’ अशी जोडी आढळते, आणि मराठीने हा भेद द्राविडी सान्निध्यात जोपासला असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सिरोंच्याच्या बाजारात आजही तेलुगू कानी पडते, आणि ज्याच्या पूर्वेकडील अरण्यात माडिया ही गोंडीची, म्हणजे द्राविडी कुळातील, बोली बोलली जाते, तेथे या व्याकरणविशेषाची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक वाक्यागणिक बोलणाऱ्याला आपला कोण आणि परका कोण याचा निवाडा करावा लागतो, आणि तो निवाडा बहुधा नकळत होतो.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गात विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी चर्चेला होती. माडिया ही ज्याची घरची भाषा आहे असा एक विद्यार्थी चर्चाभर गप्प होता. तास संपता संपता त्याने विचारले, “जुरू हा आपला की आमचा?” वर्गात क्षणभर हशा पिकला, आणि लगेच ओसरला. प्रश्न व्याकरणाचा नव्हता. तथापि व्याकरणाच्या इतक्या नेमक्या उपयोगाचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात दुसरे नाही. त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

२

ही कादंबरी १९९२ साली ग्रंथालीने प्रकाशित केली. जुरू नावाचा एक माडिया तरुण, त्याचे अरण्यातील जगणे, त्या जगण्यात वनखाते, ठेकेदार व पोलीस यांचा होत गेलेला शिरकाव, आणि शेवटी दोन बंदुकांच्या मध्ये त्याची झालेली कोंडी, हा तिचा विषय. मराठीत कुमारवयीन नायकाच्या कादंबरीची परंपरा क्षीण नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात येतो आणि आपल्या चपळाईने शहरावर मात करतो. परंतु त्या परंपरेतील मुलगा बहुधा शाळेत जाणारा असतो, आणि शाळेची भाषा त्याची स्वतःची असते. जुरूचे वय फेण्याच्या वयापासून फार दूर नाही, पण त्याच्या वाटेवर ही दोन्ही गृहीते कोसळून पडतात. म्हणून ही कादंबरी केवळ राजकीय दस्तऐवज म्हणून वाचणे अपुरे आहे. वयात येणाऱ्या मुलाला ‘मी कोण?’ हा प्रश्न पडतो, आणि ज्या जगात त्याचे उत्तर दुसरेच कोणी देऊन टाकते त्या जगाची ही कथा आहे.

लेखकाच्या चरित्राची दखल येथे घेणे आवश्यक आहे, कारण प्रश्न परकेपणाचा आहे. विलास मनोहर मूळचे या प्रदेशातील नव्हेत. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढविला. त्या प्रकल्पाच्या आरंभीच्या वर्षांतच मनोहर पुण्यातील आपला व्यवसाय सोडून तेथे आले आणि कार्यकर्ता म्हणून त्यांनी तेथे दीर्घकाळ वास्तव्य केले. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळचा हा भाग त्या काळी पावसाळ्यात जगापासून तुटत असे. १९७६ मध्ये प्रकल्पाची निवासी शाळा सुरू झाली. २००८ साली आमटे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि या सेवेची कथा महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली.

मनोहरांचे ‘नेगल’ हे पुस्तक तरुण वाचकांत अधिक परिचित आहे. हेमलकशाला सांभाळलेल्या वन्य प्राण्यांच्या त्या हकिगती आहेत, आणि पुस्तकाला नाव दिले आहे एका बिबट्याचे. अरण्यात जन्मलेला, माणसांत वाढलेला प्राणी नेमका कोणाचा, ही त्या पुस्तकाखालची विवंचना आहे. माणसाने लळा लावला की रानाचा मार्ग तितकाच अवघड होतो. ‘मला (न) कळलेले बाबा’ या शीर्षकातील कंसातला ‘न’ही असाच बोलका आहे. जवळ राहूनही न कळणे ही या लेखकाची कायमची जाणीव दिसते. प्राण्यांविषयी, माणसांविषयी आणि ज्यांच्यासोबत आयुष्य काढले त्यांच्याविषयी लिहिताना तो जाणण्याचा दावा सावधपणे करतो. कादंबरी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

३

मराठीत परक्या तरुणाच्या दोन थोर कादंबऱ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय जुरूचे वेगळेपण कळत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) औंध संस्थानातील एक कोवळ्या वयाचा शिक्षक धनगरांच्या वाडीत येतो. तो परका आहे, वाडी जुनी आहे. हळूहळू वाडी त्याला आपल्यात घेते. त्याच्या पुढाकाराने तालीम उभी राहते, कारभारी जातो, दुष्काळ पडतो, माणसे पांगतात, आणि मास्तरही निघून जातो. सारे निवेदन ‘मी’च्या तोंडून होते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) उलट घडते. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात येतो, आणि परकेपणा त्याच्याच अंगावर चढतो. तेथेही निवेदन ‘मी’चेच.

या दोहोंत परका जो असतो त्याच्याच हातात लेखणी असते. शिवाय दोन्ही ठिकाणी अंतर आहे ते एकाच भाषेच्या आत. माणदेशी धनगराची बोली आणि मास्तरांची मराठी यांत फरक असला तरी त्यांचा संवाद दुभाष्यावाचून होतो. सांगवीकर तर आपल्या भाषेच्या जोरावर पुण्याची खिल्ली उडवितो. जुरूच्या हाती यांपैकी काहीच नाही. त्याची कथा मराठीत आहे. तो मात्र मराठीत जन्मलेला नाही.

भारताबाहेरील एक उदाहरण हा मुद्दा अधिक स्पष्ट करते. अमेरिकेतील टल्सा या शहरात सुझन एलोइज हिंटन नावाच्या मुलीने शाळेत असतानाच एक कादंबरी लिहावयास घेतली आणि १९६७ मध्ये, ती अठरा वर्षांची असताना, ती ‘द आउटसायडर्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. मुलांच्या टोळ्यांवरील पुस्तक एका मुलीने लिहिले म्हटल्यास समीक्षक आधीच मन कलुषित करून घेतील, या भीतीने मुखपृष्ठावर केवळ एस. ई. हिंटन अशी आद्याक्षरे छापली गेली. तिचा नायक पोनीबॉय हा शहराच्या गरीब बाजूचा मुलगा आहे. आपण वाचले ते सारे त्याने शाळेसाठी लिहिलेला निबंध होता, हे कादंबरीच्या शेवटी उलगडते. ज्या शाळेने त्याला काठावर ठेवले, तिच्याच भाषेत तो आपल्या मृत मित्रांची साक्ष नोंदवितो. परकेपणावरचा त्याचा उपाय म्हणजे स्वतःच निवेदक होणे. जुरूला हा निबंध लिहिता येत नाही. त्याच्या शाळेचे पुस्तक ज्या भाषेत आहे ती त्याच्या आईला येत नाही, आणि आईची भाषा ज्यात लिहावी असे पुस्तक त्याच्यापुढे नाही. गोंडी बोलणारे लोक २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाखांहून अधिक आहेत, परंतु गोंडीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळालेले नाही. म्हणून जुरूचा निबंध दुसऱ्या कोणीतरी लिहावा लागला. तो मनोहरांनी लिहिला. तसे करताना त्यांनी काय मिळविले आणि काय गमावले, हा समीक्षेचा खरा प्रश्न आहे.

४

प्रथम शीर्षक पाहू. ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ या तीन शब्दांत जुरूचे नाव नाही. ‘एका’ हा अनिश्चयवाचक शब्द त्याला अनेकांतील एक करतो. ‘नक्षलवादी’ हा शब्द तर सर्वार्थाने बाहेरचा आहे. १९६७ साली पश्चिम बंगालच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील नक्षलबारी या खेड्यात उठाव झाला, त्या खेड्याचे नाव तोडून त्याला संस्कृत ‘वादी’ जोडला, आणि वृत्तपत्रांनी तो साऱ्या देशात नेला. १९८० च्या सुमारास ही चळवळ गोदावरी ओलांडून या अरण्यात आली, तेव्हा गावकऱ्यांनी त्या सशस्त्र माणसांना ‘दादालोक’ म्हटले. तेलंगणात त्यांना ‘अन्नलु’ म्हणत, म्हणजे भाऊच. एकाच माणसाला गाव नात्याचे नाव देते आणि शासन मताचे नाव देते. या नात्याच्या नावात प्रेम किती आणि भय किती हे ऐकणाऱ्याने ठरवावे. बंदूकधाऱ्याला थोरला भाऊ म्हणणे ही पुष्कळदा जीव वाचविण्याची रीत असते. मनोहरांनी शीर्षकासाठी वृत्तपत्रांचा शब्द निवडला. हा निष्काळजीपणा आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. शहरातील वाचक ज्या नावाने या तरुणाला ओळखतो, त्या नावापासून सुरुवात करून त्याला मागे, त्या नावाच्या पूर्वीच्या माणसाकडे नेणे हा कादंबरीचा प्रवास आहे. वाचक ‘नक्षलवादी’ या शब्दातून आत शिरतो आणि ‘जुरू’ या नावापाशी पोहोचतो.

‘जन्म’ हा शब्द अधिक विचार करावयास लावतो. नक्षलवादी ‘होणे’ किंवा ‘बनणे’ या क्रियांत कर्ता थोडा तरी सक्रिय असतो. जन्माला येणाऱ्याची इच्छा कोणी विचारीत नाही. जुरूला घडविणारे हात दुसऱ्यांचे आहेत, हे शीर्षकच सांगून टाकते. आणि ते हात कोणाचे? जुरूच्या जगात मराठी माणूस येतो तो बहुतांशी खाकी कपड्यांत किंवा हिशेबाची वही घेऊन. म्हणजे मराठी वाचक या कादंबरीत आपल्या भाषेचे नातेवाईक शोधू लागला, तर ते त्याला अन्याय करणाऱ्यांच्या रांगेत सापडतात. ‘बनगरवाडी’चा वाचक मास्तरच्या बाजूने वाडीत सुखरूप शिरतो. येथे तशी सोय नाही. परका कोण, या प्रश्नाचे उत्तर वाचकाकडे बोट दाखविते. मराठीतील ग्रामीण व प्रादेशिक कादंबरीने वाचकाला इतके अवघड स्थान क्वचितच दिले असेल. प्रस्तुत लेखकाच्या मते हा या कादंबरीचा सर्वांत मोठा गुण आहे.

५

आता भाषेचा प्रश्न. माडिया माणसाला मराठी कादंबरीत बोलते करण्याचे मोजकेच मार्ग आहेत. त्याला प्रमाण मराठीत बोलू द्यावे. किंवा शेजारच्या झाडीबोलीचा रंग द्यावा. किंवा तो परक्यांशी जशी तुटक मराठी बोलतो तशीच ती उतरवावी. तिसरा मार्ग वास्तववादी वाटतो, पण सर्वांत घातक तोच आहे. आपल्या भाषेत जो माणूस नाती, ऋतू, देव आणि वाद यांविषयी सफाईने बोलतो, तोच दुसऱ्याच्या भाषेत दोन शब्दांपाशी अडखळतो. ठाण्यात किंवा नाक्यावर त्याचे जे बोलणे ऐकू येते, त्यावरून ऐकणारा त्याला भाबडा ठरवितो. ‘भोळा आदिवासी’ ही मराठी साहित्यातील जुनी प्रतिमा पुष्कळ अंशी अशा अर्धवट ऐकण्यातून जन्मली आहे. झाडीबोलीचा मार्गही खोटा, कारण ती शेजाऱ्याची समृद्ध मराठी बोली आहे, जुरूची नव्हे.

कादंबरी मराठी असल्याने जुरूचे मन मराठीतच उलगडावे लागते. त्यामुळे त्याच्या विचाराला प्रौढत्व आणि प्रतिष्ठा मिळते. तो कोणाच्याही सहानुभूतीवाचून विचार करू शकणारा माणूस ठरतो. त्याची किंमतही द्यावी लागते. गोटूलला ‘युवागृह’ म्हटले की त्यातील शिस्त, गाणे आणि नाते गळून पडते. नातेवाचक शब्दांचेही तसेच. मामा-आत्यांच्या मुलांशी विवाह होणाऱ्या समाजात जे एक नाते थट्टेला मोकळे आणि दुसरे वर्ज्य असते, त्यांची व्यवस्था मराठी ‘दादा-वहिनीं’च्या चौकटीत बसत नाही. ‘गोंडी’ हे नावसुद्धा बाहेरचे आहे. बोलणारे स्वतःला कोयतूर म्हणवितात. आणि ही भाषाही एकसंध नाही. बरो आणि भट्टाचार्य यांच्या १९६० च्या तौलनिक शब्दसंग्रहावरून दिसते की आद्य ‘स’ कोठे टिकतो, कोठे त्याचा ‘ह’ होतो, तर कोठे तो पूर्णपणे लोपतो. मिठासाठी असलेला एकच शब्द एका अरण्याच्या वेगवेगळ्या कडांवर असा वेगवेगळा ऐकू येतो. कोणताही अनुवाद, कितीही प्रामाणिक असला तरी, या रेषा पुसून टाकतो. मनोहरांच्या कादंबरीत अनुवाद कोठेही दिसत नसला तरी ती आरंभापासून अखेरपर्यंत अनुवादच आहे, हे वाचकाने विसरू नये. लेखकाने दीर्घ वास्तव्याने हा अनुवाद कमावला आहे, एवढे त्याच्या बाजूने निश्चित म्हणता येईल.

६

या कादंबरीवर एक आक्षेप घ्यावासा वाटतो. ‘जन्म’ या कल्पनेत अटळपणा आहे. तीच परिस्थिती, तेच अरण्य, तेच अन्याय असूनही सर्व तरुण त्याच वाटेने गेले नाहीत. हेमलकशाच्या शाळेतूनच डॉक्टर व शिक्षक झालेले तरुण निघाले. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-६० हे पथक उभारले, तेव्हा त्यातही स्थानिक तरुणच भरती झाले. दोन्ही बाजूंच्या बंदुकांमागे तीच बोली बोलणारी मुले होती. ‘आम्ही’ची रेषा कधी एका गावातून, कधी एका घरातूनही गेली. परिस्थितीने माणूस घडतो हे कादंबरी समर्थपणे दाखविते. त्याच परिस्थितीत माणूस निवड करतो, आणि त्या निवडीची जबाबदारी वाहतो, ही दुसरी बाजू तिच्या शीर्षकाला पेलत नाही. जुरूला निर्दोष ठरविण्याच्या भरात त्याचे कर्तेपण थोडे कमी होते. ज्याला आपण पूर्ण माणूस मानतो, त्याला चुकण्याचा अधिकारही द्यावा लागतो.

हा आक्षेप आज अधिक महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने आपल्या सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ‘नक्षलवादी’ हा शब्द कदाचित इतिहासाच्या पुस्तकात जाईल. तेव्हा शीर्षकातील तो शब्द वाचकाला पूर्वीसारखा धक्का देणार नाही, आणि कादंबरीचे उरलेले बळ जुरू या नावातच शोधावे लागेल. प्रस्तुत लेखकाला वाटते की ते तेथे आहे. शस्त्रे खाली ठेवणाऱ्याला पुढे कोणत्या भाषेत आपली हकिगत सांगता येईल, हा प्रश्न अजून बाकी आहे.

त्या उत्तराची सुरुवात कवितेत झाली आहे. डॉ. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा संग्रह १९८७ चा. भुजंग मेश्राम आणि उषाकिरण आत्राम यांनीही मराठीतच, पण मराठीला सुखासीन राहू न देता, ‘आम्ही’चा उच्चार केला. नजूबाई गावितांनी ‘तृष्णा’त दाखवून दिले की आदिवासी स्त्री स्वतःच्या बळावर कादंबरीची निवेदक होऊ शकते. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि ज्यांच्याविषयी आजवर लिहिले गेले ते आता आमच्यासमोरच्या बाकांवर बसलेले आहेत. मनोहरांची कादंबरी त्यांच्या हाती देताना अध्यापकाने ती त्यांचा आरसा म्हणून देऊ नये. एका आस्थेवाईक परक्याने दिलेली साक्ष म्हणून द्यावी, आणि उलटतपासणीचा अधिकार त्यांचा आहे हेही सांगावे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाची घोषणा सर्वश्रुत आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. भाषेच्या अभ्यासकाने या घोषणेतील सर्वनामे पाहावीत. दिल्लीचे सरकारही येथे ‘आमचे’ आहे. ऐकणाऱ्याला वगळणारे हे रूप आहे, आणि तरीही ते देशावरचा हक्क सांगते. ‘आपण’मध्ये शिरण्यासाठी ‘आम्ही’ सोडावे लागत नाही, हे या गावाने सर्वनामांतूनच सांगितले.

त्या विद्यार्थ्याला आज उत्तर द्यायचे झाले तर एवढेच सांगता येईल : जुरू तुमचा आहे. तो आपला व्हावा असे मराठी वाचकाला वाटत असेल, तर जुरूची पुढची कादंबरी तुम्ही लिहावी, आणि ती आम्ही वाचावी. या वाक्यात ‘आम्ही’ कोण, हे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.